पंपाच्या मोटरचं साइड कव्हर झिजलंय. कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी घालून किती दिवस चालेल?

सोसायटीची_खजिनदार

नमस्कार. गोरेगाव पूर्वेला आमची चार मजली जुनी इमारत आहे, २४ बिऱ्हाडं. पाणी पहाटे साडेचार ते सात खालच्या टाकीत येतं आणि २ एचपीच्या सिंगल फेज मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकाच शाफ्टवर असलेल्या) पंपाने आम्ही ते गच्चीवरच्या टाकीत चढवतो. पंप बारा-तेरा वर्षं जुना आहे.

दीड महिन्यापूर्वी पंप घरघरायला लागला. प्लंबरने उघडून सांगितलं की पुढचं बेअरिंग कव्हरमध्ये सैल झालंय, बाहेरची रिंगच गोल फिरते. त्याने नवं ६२०४ नंबरचं बेअरिंग आणलं, कव्हरच्या आतून सेंटर पंचने भोवताली ठिपके मारले आणि त्यात बेअरिंग ठोकून बसवलं. बावीस दिवस बरे गेले, मग पुन्हा तेच. आता त्याने कोल्ड्रिंकच्या डब्याची पट्टी कापून बेअरिंगभोवती गुंडाळली आहे. आवाज कमी झाला, पण मोटर इतकी तापते की हात ठेववत नाही, आणि पंधरा-वीस मिनिटांत एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप बंद होणारा स्विच) पडतो. प्लंबर म्हणतो, मोठा एमसीबी टाकू.

कमिटीत दोन तट पडले आहेत. अर्धे म्हणतात नवा पंप घ्या, अर्धे म्हणतात आणखी एक पट्टी घाला. मला दोन्ही घाईचं वाटतंय. हिशेब मी लिहिते, त्यामुळे विनाकारण खर्चही नको आणि तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना बादल्या भरून चढवायची वेळही नको. पंप आणि मोटरच्या मध्ये थेंब थेंब पाणी गळतं, ते या आवाजाच्या आधीपासूनच आहे, म्हणून लिहायचं राहत होतं.

मी स्वतः पान्हा धरायला तयार आहे. काय करू?

---

कुर्ला_टर्निंग

ताई, मोठा एमसीबी अजिबात टाकू नका. तो पडतोय म्हणून वाइंडिंग, म्हणजे मोटरमधली तारेची गुंडाळी, अजून शाबूत आहे.

बेअरिंग बसवायला हिरवं लॉकिंग लिक्विड मिळतं. ते जिथे हवा नसते आणि लोखंड लागलेलं असतं, तिथेच आवळतं. मी पिठाच्या गिरणीच्या मोटरला लावलं होतं, दोन वर्षं झाली, हललं नाही. पण फट कागदाएवढीच हवी, म्हणजे ०.१ मिमीच्या आसपास. तेलाचा डागही नको, थिनरने दोनदा पुसायचं. लावल्यावर एक रात्र तसंच ठेवायचं. बेअरिंगच्या गोळ्यांकडे थेंब गेला तर बेअरिंग बाद. आणि पुढे काढताना २५० अंशांपर्यंत तापवावं लागतं, हे लावतानाच लक्षात ठेवा.

तुमच्या कव्हरला आधी पंच आणि मग पट्टी, असे दोन प्रयोग झालेत. आतली फट आता कागदाएवढी राहिली असेल असं वाटत नाही.

---

शिवडीचा_फिटर

ताई, तुम्ही जे शेवटी लिहिलंत ते सगळ्यात आधी लिहायला हवं होतं. थेंब थेंब पाणी. तुमचं कव्हर त्या पाण्याने खाल्लंय.

मी १९७४ साली परळच्या एका कापड गिरणीत इलेक्ट्रिक खात्यात लागलो. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला, त्यानंतर आमचं खातं पुन्हा कधी धड उघडलं नाही. मग शिवडीला एका गाळ्यात मोटरी भरायचं, म्हणजे त्यांत नवी तार गुंडाळायचं, काम धरलं आणि तेच शेवटपर्यंत केलं. आता डोळ्यांनी बारीक तार दिसत नाही, म्हणून बसून लिहितो.

काय झालं असेल ते सांगतो. पंपाच्या आत शाफ्टवर सील असतं. एक बाजू कार्बनची, एक सिरॅमिकची, स्प्रिंगने एकमेकींना चिकटलेल्या. ते गळायला लागलं की पाणी शाफ्टवरून सरळ पुढच्या बेअरिंगवर येतं. पाण्याने ग्रीस धुऊन जातं, गोळ्यांना गंज चढतो, बेअरिंग जड होतं. शाफ्ट मिनिटाला २८०० च्या वर फेऱ्या मारतोय, आतली रिंग त्याच्याबरोबर जाते, गोळ्या अडकल्या की बाहेरची रिंगही ओढली जाते आणि कव्हरमध्ये फिरू लागते. कव्हर असं झिजतं. तुमच्या प्लंबरने बेअरिंग बदललं, कव्हराला पंच मारले, पण पाणी तसंच ठेवलं. नवं बेअरिंगही त्याच पाण्याखाली गेलं.

आता पंचचं सांगतो, कारण मी स्वतः शेकडो पंच मारले आहेत आणि मला त्याची लाज नाही. पंच मारला की खड्ड्याच्या कडेला धातूची बारीक कड वर येते. बेअरिंग त्या वीस-तीस कडांच्या टोकांवर उभं राहतं. थरथरीने त्या कडा चेपतात आणि बेअरिंग पुन्हा मोकळं होतं. रात्रपाळीत साचे (माग) थांबले की खाली जॉबर (मुकादम) ओरडत असे, त्या वेळी पंचच मारायचो. पण आमचे मिस्त्री होते, त्यांचा एक दंडक होता. असं काही केलं की मोटरच्या अंगावर खडूने लिहायचं : तारीख, पाळी आणि केलेलं काम. ‘पंच’, ‘पत्रा’, ‘डोरी’, जे असेल ते. सुट्टीच्या दिवशी फिटर खात्यातून फिरत असे आणि खडू दिसेल ती मोटर खाली उतरवत असे. खडू न लिहिता कोणी निघून गेला तर मिस्त्री दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर बोलत. एरवी फार मऊ माणूस. पण ‘तू गेलास, आता तुझा पंच मी कुठे शोधू?’ हे त्यांचं वाक्य मला अजून ऐकू येतं.

पट्टीची गोष्ट पंचपेक्षा वाईट आहे. डब्याचा पत्रा ०.१ मिमीच्या आसपास असतो. जिथे टोकं एकमेकांवर चढतात तिथे तो दुप्पट, जिथे अपुरा पडला तिथे शून्य. म्हणजे शाफ्ट मधोमध न राहता एका अंगाला सरकतो. तुमच्या मोटरमध्ये रोटर (आतला फिरणारा भाग) आणि स्टेटर (भोवतीचा स्थिर भाग) यांच्या मध्ये मोकळी जागा किती? पाव ते अर्धा मिलीमीटर, फार नाही. रोटर एका बाजूला सरकला की त्या बाजूचं चुंबक त्याला आणखी ओढतं. शेवटी तो टेकतो आणि घासतो. घासून घासून पत्ती तापते, वाइंडिंगचं वार्निश करपतं. मोटरवर हात ठेववत नाही असं तुम्ही लिहिलंत, त्याचं कारण बहुतेक हेच आहे. त्यामुळे आता ती चालवू नका. दोन दिवस भाड्याचा पंप आणा, पण ही बंद ठेवा.

उघडाल तेव्हा आधी मेन स्विच पाडा आणि कंडेन्सरची (कपॅसिटरची) दोन टोकं बल्ब लावून रिकामी करा. स्विच पाडला तरी कंडेन्सर झटका देतो. पंपाचं तोंड सोडवा, इम्पेलर (पाणी ढकलणारा पंखा) काढा, कव्हर पुलरने काढा, हातोड्याने नको. मग बॅटरीच्या उजेडात आत बघा.

स्टेटरवर एकाच जागी चकाकती किंवा काळी पट्टी आहे आणि रोटरवर चौफेर ओरखडे आहेत, तर दोष कव्हरात आहे, बेअरिंगची जागा सरकली आहे. उलट असेल, म्हणजे रोटरवर एकाच जागी आणि स्टेटरवर चौफेर, तर शाफ्ट वाकलाय. ही एक खूण पाहिली की निम्मं काम झालं. हे मला कोणत्या पुस्तकाने शिकवलं नाही, मिस्त्रींनी दाखवलं आणि चाळीस वर्षांत एकदाही चुकलं नाही.

कव्हराचा खरा इलाज बुश. कव्हर लेथवर धरायचं, बेअरिंगची जागा मोठी करायची, बिडाचा बुश (कड्यासारखी नळी) दाबून बसवायचा आणि तो आतून ४७ मिमीला कापायचा, कारण ६२०४ ची बाहेरची रिंग ४७ ची असते. इथे एक गोष्ट टर्नरला आवर्जून सांगा. कव्हर मोटरच्या बॉडीत ज्या खाचेवर बसतं, ती खाच डायल (बारीक फरक दाखवणारं घड्याळासारखं माप) लावून आधी खरी करून घ्यायची आणि त्याच पकडीत बुश आतून कापायचा. मध्ये कव्हर सोडून पुन्हा धरलं की मध्य गेला. ज्या टर्नरकडे डायल नाही त्याच्याकडे देऊ नका, मग तो कितीही स्वस्त सांगो.

सील नवं घ्या. नागदेवी स्ट्रीटला जुनं सील हातात घेऊन जा, शाफ्टचा व्यास मोजून देतात. कार्बनच्या चेहऱ्याला बोटं लावू नका, स्वच्छ फडक्याने धरा. शाफ्टवर बेअरिंगच्या पुढे एक रबराची चकती असते, पाणी झटकून टाकायला. बऱ्याचदा ती कुजून पडलेली असते आणि कोणी परत घालत नाही. ती घाला. बेअरिंग रबर सीलवालं घ्या. ते शाफ्टवर चढवताना नळीचा तुकडा आतल्या रिंगवर टेकवून ठोका, बाहेरच्या रिंगवर ठोकलं तर गोळ्यांचे व्रण आत पडतात आणि नवं बेअरिंग पहिल्या दिवसापासून वाजतं.

एक प्रश्न. सील कशाने गेलं? बारा वर्षांनी झिजलं असेल तर ठीक. पण टाकी रिकामी असताना पंप चालला असेल तर सील दोन-चार मिनिटांत जळतं, त्याला पाण्याचंच वंगण असतं. तुमच्या खालच्या टाकीत फ्लोट (पाणी संपलं की पंप बंद करणारा तरंगता स्विच) आहे का आणि त्याची वायर जोडलेली आहे का, ते बघून सांगा.

---

मढचा_तांडेल

काका, खडूची गोष्ट वाचून बरं वाटलं. आमच्या होडीवर खडू टिकत नाही, पण आम्ही वहीत लिहितो.

समुद्रात इंजिन बंद पडलं की दुकान नाही, टर्नर नाही. एकदा खाऱ्या पाण्याच्या पंपाचा रबरी पंखा तुटला, इंजिनला थंड करायला पाणीच येईना. होडीच्या तळातलं पाणी उपसायचा विजेचा पंप होता, त्याचं तोंड बाहेर समुद्रात टाकलं आणि नळी इंजिनच्या पाण्याच्या वाटेला बांधली. वेग अर्ध्यावर ठेवून बंदरात आलो. येईपर्यंत एक माणूस तळात पाणी भरतंय का, ते बघत बसला होता, कारण उपसायचा पंप तर आता इंजिनला लागला होता. असं करताना एक गोष्ट वाचवायला दुसरी उघडी पडते, ते आधी मोजावं लागतं.

इंजेक्टरखालचा तांब्याचा वॉशर एकदा दबला की कडक होतो, पुन्हा वापरला तर गळतो. नवा नसेल तर शेगडीवर लालभडक करून पाण्यात टाकायचा, तो परत मऊ होतो. हे मात्र पक्कं काम आहे, त्याला वहीत लिहायची गरज नाही. पाण्याच्या बाजूचं गॅस्केट जुन्या कॅलेंडरच्या पुठ्ठ्याचं ग्रीस लावून केलेलं आहे, ते लिहावंच लागतं. पावसाळ्यात बंदी असते, होड्या वर घेऊन शाकारतो, तेव्हा वही उघडून एकेक काढतो. नारळी पौर्णिमेच्या आत वही कोरी झाली पाहिजे असा वडिलांचा नियम होता. आता माझा आहे.

---

काळीपिवळी_घाटकोपर

वहीवरून आठवलं. माझे बाबा फियाट टॅक्सी चालवायचे. प्रवासी घेऊन नाशिकला जाताना कसारा घाटात रेडिएटर गळायला लागला. एका ट्रकवाल्याने मूठभर हळद टाकायला सांगितली. टाकली, हळद फुगली, भोक बुजलं, गाडी नाशिकला पोचली आणि परतही आली. घरी सगळ्यांना कौतुकाने सांगितलं आणि मग विसरून गेले. ती हळद रेडिएटरच्या बारीक नळ्यांमध्ये तशीच राहिली. एप्रिलमध्ये सायनच्या सिग्नलला इंजिन तापून हेड गॅस्केट गेलं आणि अकरा दिवस टॅक्सी गॅरेजमध्ये उभी राहिली. आमच्या घरी त्या वेळी रोजच्या कमाईवरच रोजचा बाजार यायचा, म्हणून ते अकरा दिवस मला आठवतात.

हळद त्या दिवशी बरोबरच होती. घाटात दुसरं काय करणार होते. पण मुंबईत पोचल्यावर रेडिएटर खोलून धुवायला हवा होता.

---

सोसायटीची_खजिनदार

सगळ्यांचे मनापासून आभार. काका, तुम्ही विचारलेलं आधी सांगते. खालच्या टाकीत फ्लोट आहे, पण त्याची वायर स्टार्टरजवळ कापून टेप लावून ठेवली आहे. वॉचमनदादांना विचारलं. गेल्या वर्षी फ्लोट अडकून पंप चालूच होईना, तेव्हा कोणीतरी ‘तात्पुरती’ थेट जोडून दिली. कोणी, ते कोणालाच आठवत नाही. मे महिन्यात पाणीकपात होती, तेव्हा पंप दोनदा कोरडा चालला हे मात्र त्यांना आठवतं.

शनिवारी मोटर उघडू. भाड्याचा पंप आला आहे. अजून एक विचारायचं होतं, आत पाणी गेलं असेल तर वाइंडिंग ओलं असेल ना? ते कसं कळेल?

---

शिवडीचा_फिटर

बघा, मग सील मे महिन्यातच गेलं. त्या कापलेल्या वायरने सील खाल्लं, सीलने बेअरिंग, बेअरिंगने कव्हर. कापणाऱ्याने टेपवर तारीख लिहिली असती तर तुमचे एवढे पैसे वाचले असते. मी रागावून लिहीत नाही, त्या पहाटे लोकांना पाणी हवं होतं आणि त्याने ते दिलं.

ओलाव्याचं सांगतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिमी पाऊस झाला, तेव्हा कलिना, कुर्ला या भागांतले पंपरूमच्या पंपरूम बुडाले होते. पुढचे वीस दिवस आमच्या गाळ्यात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक बुडालेली मोटर थेट चालू करून बघत आणि तिथेच जाळत. ज्यांनी हात लावला नाही त्यांच्या बहुतेक मोटरी आम्ही वाचवल्या.

पद्धत अशी. रोटर काढून स्टेटर आधी गोड्या पाण्याने धुवायचा. तुमच्याकडे चिखल नाही, तेव्हा हे सोडा. मग पत्र्याच्या पिंपात स्टेटर ठेवून २०० वॅटचे दोन बल्ब आत सोडायचे, वरून गोणपाट, पण वाफ जायला फट ठेवायची. बल्ब वाइंडिंगला टेकू द्यायचे नाहीत. दर काही तासांनी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) वाइंडिंग आणि बॉडीच्या मधलं इन्सुलेशन मोजायचं. इथे लोक घाबरतात. तापायला लागल्यावर आकडा आधी खाली येतो, कारण आतला ओलावा बाहेर निघत असतो. मग तो चढायला लागतो. चढून एका जागी थांबला की वाळलं. १ मेगोहमच्या खाली असेल तर जोडायचंच नाही. त्या वीस दिवसांत मी रात्री गाळ्यातच झोपायचो, बल्बच्या उजेडात. सकाळी उठून आधी मेगर फिरवायचो, मग चहा.

मेगर विकत घेऊ नका, जवळच्या वाइंडिंगवाल्याकडे पाच मिनिटांचं काम आहे.

---

सोसायटीची_खजिनदार

उशिरा लिहितेय, पण काम झालं.

शनिवारी मी, प्लंबर आणि दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजचा मुलगा, तिघांनी मोटर उघडली. स्टेटरवर खालच्या अंगाला बोटभर रुंद काळी पट्टी होती आणि रोटरवर गोल ओरखडे. काका, तुम्ही लिहिलं होतं तसंच. प्लंबर बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, ‘मॅडम, हे मला आजवर कोणी दाखवलं नव्हतं.’ माणूस कामाला चांगला आहे, त्याला शिकवणारे मिस्त्री भेटले नाहीत एवढंच.

सीलच्या सिरॅमिकला तडा होता. रबराची चकती नव्हतीच. मेगरवर पहिल्यांदा ०.४ आलं, बल्बखाली ठेवल्यावर आकडा आणखी खाली गेला तेव्हा सगळे घाबरले, मी नाही. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तो २० च्या वर गेला.

बुशसाठी दोन टर्नर पाहिले. पहिल्याकडे डायल नव्हता. दुसऱ्याने न सांगता डायल लावला आणि खाच तपासली, म्हणून त्याच्याकडे दिलं. दोन्ही बेअरिंग, सील, चकती, बुश आणि नवा फ्लोट मिळून ३,६०० रुपये झाले, भाड्याचा पंप वेगळा. मंगळवारी पहाटे चालू केला. चाळीस मिनिटं चालवून हात ठेवला, कोमट होता. मध्ये एक थेंब नाही.

वरच्या टाकीकडे जाणाऱ्या पाइपला एका सांध्यावर एम-सील लावलेलं आहे, पाइप बदलायला दिवाळीनंतरच जमेल. त्याच्या शेजारी भिंतीवर मी पांढऱ्या ऑइल पेंटने तारीख आणि ‘एम-सील’ असं लिहून ठेवलंय. खडू आमच्या पंपरूमच्या ओलीत राहिला नसता.